तवा बसेपर्यंत

मी म्हसवड सोडलं त्या दिवशी एसटी स्टँडवर असा काही देखावा होता, की लांबून बघणाऱ्याला वाटावं, पोरगी बोटीनं आफ्रिकेला निघालीय. निघाले होते सांगलीला. पण आमच्या घरातलं कुणी तोवर नोकरीसाठी तालुक्याबाहेर गेलेलं नव्हतं, आणि पोरगी तर नव्हतीच नव्हती. रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये मला नोकरी लागली होती. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती बातमी चहावाल्यापासून कंडक्टरपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवली होती. त्यातली लघवी तेवढी गाळली होती.

गाडी सुटायच्या बेताला आईनं जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं एक गाठोडं खिडकीतून आत लोटलं. मला वाटलं शेंगा असतील. मांडीवर आदळलं तेव्हा कळलं, तवा. आमचा रोजचा, बिडाचा, काळाकुळकुळीत तवा. मी विचारलं, मग तुम्ही भाकरी कशावर करणार?

"आमी बघू काय ते. तू आदी ऐक. भाकरी झाली की फडक्यानं पुसायचा. वल्ला ठेवायचा न्हाई. तेलाचं बोट फिरवायचं, पर उगं एवढुसंच. आन् आपटू नगंस, बीड हाय ते, काचंगत फुटतंय."

तेवढ्यात गाडी हलली. नाना एका जागी उभे राहून हात हलवत होते. आई मात्र गाडीबरोबर चालत, तेल नेमकं किती ते बोटाच्या पेरावर दाखवत होती. रडायला तिला वेळच मिळाला नाही. तिच्या वाटचं मी आटपाडीपर्यंत रडले. शेजारच्या बाईनं दोनदा विचारलं, गाठोड्यात देव आहेत का.

या गोष्टीला अठ्ठावीस वर्षं झाली. माझ्याबरोबर शिकलेल्या तुम्ही कुणी पुण्याला गेलात, कुणी दुबईला, कुणी तिथंच राहिलात. दुबईवालीला माझं स्थलांतर म्हणजे चेष्टाच वाटेल. पण माणदेशातून कृष्णाकाठी येणं काय असतं ते माझ्या तव्याला विचारा. म्हसवडला हवा अशी कोरडी, की तवा आठ दिवस खुंटीला विसरला तरी जसाच्या तसा. सांगलीत पहिल्याच श्रावणात एका रात्रीत त्याच्यावर नारिंगी बुरशी चढल्यासारखा गंज आला. लोकांना नव्या गावचं पाणी बाधतं, माझ्या तव्याला हवा बाधली. मग मी शिकले. पुसून झाला की बारीक गॅसवर ठेवून त्यातलं पाणी पार पळवायचं, आणि तो कोमट असतानाच तेल लावायचं. गावाकडं हे कधी लागलंच नव्हतं.

पुढं लग्न झालं, फ्लॅट झाला. नॉनस्टिकचे तीन तवे आले, साल निघालेल्या बटाट्यासारखे झाले आणि भंगारात गेले. हा राहिला. धिरडं टाकावं तर कडा सुटून आपोआप हलायला लागायचं, एवढा तो बसला होता.

आता आमचे विलासराव. यांचं टू-व्हीलरचं गॅरेज आहे, आणि मनानं माणूस सोन्याचा. काळं दिसलं की घासायचं, हा एवढाच त्यांचा दोष. परवाच्या उन्हाळ्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मिरजेला करायचं ठरलं. नाना गेल्यापासून ती म्हसवडला एकटीच असते आणि मी एकुलती एक, तेव्हा ती येणार माझ्याकडंच. अठ्ठावीस वर्षांत ती इथं दोन रात्रींच्या वर राहिलेली नाही. लेकीच्या घरी ठाण मांडू नये, हा तिचा कायदा. या वेळीसुद्धा तिनं फोनवर सांगूनच टाकलं होतं, की डोळ्याची पट्टी निघाली की तिसऱ्या दिवशी एसटी. डॉक्टर म्हणत होते, महिनाभर ड्रॉप, धुळीत जायचं नाही, आणि मग लगेच दुसरा डोळा. ती गेली असती तर दुसरा डोळा राहिलाच असता, हे मला स्वच्छ दिसत होतं.

सासूबाई येणार म्हणून विलासरावांना काहीतरी खास करायचं होतं. मी ड्यूटीवर असताना त्यांनी तवा गॅरेजला नेला, ग्राइंडरला तारेचा ब्रश लावला आणि दोन पिढ्यांचा काळा थर तासाभरात उडवला. संध्याकाळी घरात आले ते तवा छातीशी धरून, ढाल जिंकल्यासारखे.

"बघ, चांदीगत केलाय. मामी खूश होतील."

मी खाली बसले. त्यांना वाटलं, आनंदानं.

आई यायला चार दिवस होते. मी लॅबमधली माणूस, घाईत सगळं चुकवलं. लवकर काळा व्हावा म्हणून तेल भसाभसा ओतलं, तर वर मधासारखा चिकट थर झाला. तो खरवडला. कांदा अर्धा कापून तेलात बुडवला आणि त्यानं घासून घासून तवा तापवला, तर मधे तपकिरी आणि कडेला पांढरा, कोड फुटल्यासारखा. शेवटी मी मनाची समजूत घातली, की आईला दिसतच नाहीये तर कळणार कसं.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि आई हॉस्पिटलचा काळा गॉगल लावून आमच्या स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसली. एखाद्या टोळीची म्होरकी शोभली असती. बसल्या बसल्या तिनं सवयीनं ओट्यावर हात फिरवला आणि तो तव्यावर थांबला. बोटांना मोतीबिंदू होत नाही.

"ह्ये कुणी केलं?"

विलासराव पुढं होऊन म्हणाले, "मामी, मीच."

आता जावयाला बोलायचं कसं? आई त्यांच्याकडं तोंड करून मला झाडायला लागली. तुला अक्कल न्हाई का, हत्यार घिऊन तव्याला कोण भिडतं, बयेची चामडी सोलल्यागत क्येलंस. लेकी बोले सुने लागे म्हणतात, इथं जावयाला लागत होतं. एवढे सहा फुटी विलासराव फ्रीजला टेकून मान खाली घालून ऐकत होते. शेवटी ती त्यांना अगदी गोड आवाजात म्हणाली, "जावईबापू, तुमी न्हाई, ही चुकली."

मग खुर्चीतूनच तिनं कारभार हातात घेतला. डोळ्याला धूर नको म्हणून ती दारात, खिडक्या उघड्या, आणि गॅसपाशी विलासराव. तेल लावायचं, फडक्यानं इतकं पुसायचं की लावलंच नाही असं वाटावं, मग धूर निघेपर्यंत तापवायचा आणि आपला आपण निवू द्यायचा. रोज तीनदा. एकदा विलासराव घाई करून तापल्या तव्यावर पाणी मारायला निघाले, तेव्हा तिनं नळाच्या आवाजावरूनच ओळखून ओरडून थांबवलं, तडकला असता. एसटीचा तिसरा दिवस आला तेव्हा मी भीत भीत विचारलं. ती म्हणाली, "तवा असा टाकून जाऊ व्हय? बसला की जाती."

तीन आठवडे गेले. ड्रॉप चुकले नाहीत, कारण ड्रॉप आणि तवा यांची वेळ आम्ही एकच ठेवली. तव्यावर काळी छटा आली. एके सकाळी धिरडं कडेनं सुटून आपलं आपण सरकलं. विलासराव टाळ्या वाजवायला लागले, आणि आईनं पलंगाखालून पिशवी ओढली. दुसऱ्या डोळ्याचं काय, तर म्हणे दिवाळीला बघू. आमच्याकडं दिवाळीला बघू म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे.

दुपारी ती झोपली. मी किलोभर टोमॅटो चिरले, मीठ घातलं आणि त्याच तव्यावर तासभर रटारटा शिजवले. आंबटानं बिडाचा थर सुटतो, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. तीन आठवड्यांची मेहनत चटणीत उतरली. चटणी काळपट झाली होती, तीही मी फेकली. एवढं पाप मी आयुष्यात केलेलं नाही, आणि करताना एवढी मजाही कधी आलेली नाही.

सकाळी धिरडं चिकटलं, ते उलथन्यानं खरवडावं लागलं. विलासराव हवालदिल. आईनं निवलेल्या तव्यावर बोट फिरवलं, ते जिभेला लावलं आणि गॉगल माझ्याकडं वळवला. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. तिनं बोट पदराला पुसलं.

"लय बिघडलाय गं," ती म्हणाली. "आता म्हैना तरी लागंल." आणि पिशवी परत पलंगाखाली सरकवायला सांगितली.

इतकी वर्षं म्हसवडला निघताना मी घरी चालले म्हणायचे, आणि परत येताना सांगलीला चालले. त्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या काकूंचा म्हसवडहून फोन आला, कधी येताय म्हणून. आई त्यांना म्हणाली, "आवं, एवढ्यात न्हाई जमायचं. घरात तव्याचं काम काढलंय. आन् डोळाबी करायचाय दुसरा."

मी गॅस बारीक केला, आणि विलासरावांच्या हातात फडकं दिलं.