दांड्यावरचा खळगा

वडिलांच्या डोळ्यांनी दगा दिला तेव्हा त्यांनी ऐरण, चिमटे, कानशी सगळं लेकीच्या हवाली केलं आणि स्वतः दाराजवळच्या स्टुलावर जाऊन बसले. बसले म्हणजे काय, कान टवकारून बसले. आता दुकानाची सोनारीण ती, पण सहा महिने बिचारी एका हातोडीशीच झुंजत होती.

ती गोल तोंडाची हातोडी म्हणजे घरातलं मोठं मानाचं प्रकरण. तिचा दांडा आजोबांचा, असं लहानथोर सगळे सांगायचे. आजोबांच्या आणि वडिलांच्या अंगठ्याने त्यावर खळगा पडलेला. तो दांडा बदलायचं नाव काढणं म्हणजे आजोबांनाच घराबाहेर काढण्यासारखं होतं. आणि ही पडली डावखुरी! खळगा भलत्याच बाजूला, त्यामुळे हातोडी मुठीत कलायची आणि चांदीच्या कड्यावर नखासारखी खूण उमटायची. खूण घासून काढावी तर कडंच पातळ व्हायचं. दोन जुनी गिऱ्हाइकं हात जोडून निघून गेली. बापाचं दुकान आपल्याच हातून बुडणार, या धास्तीने तिच्या घशाखाली घास उतरेना. वडील आपले म्हणायचे, हात बसायला वेळ लागतो.

मंगळवारी ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले आणि तिने मनाचा हिय्या केला. कानस घेऊन खळग्याच्या कडा सपाट केल्या, दुसऱ्या बाजूला आपल्या अंगठ्यापुरती जागा केली. भुसा मांडीवर पडत होता आणि तिला दरदरून घाम फुटला होता. मग तिने कडं ऐरणीवर घेतलं. पहिला ठोका सरळ बसला. दुसराही. अख्खं कडं फिरून झालं तरी एक खूण नाही!

वडील परतले. त्यांनी कडं बोटांनी चाचपलं आणि हात पुढे करून हातोडी घेतली. त्यांचा अंगठा दांड्यावर इकडेतिकडे फिरत राहिला.

"मी घासला," ती म्हणाली. "रागवायचं तर रागवा बाबा, पण माझ्याच्याने होत नव्हतं."

वडिलांनी हातोडी मांडीवर ठेवली.

"अगं, आजोबांचा दांडा मी पहिल्याच वर्षी चुलीत घातला. माझ्या हाताला मोठा व्हायचा. हा सुताराकडून करून घेतलेला. त्यांना सांगायची छाती झाली नाही, आणि मग ते राहूनच गेलं."

"त्यांना कधी कळलं नाही?"

"कसलं कळतंय! माझ्या अंगठ्याचा खळगा लोकांना दाखवून म्हणायचे, बघा, ही माझ्या हाताची खूण."

तिला हसू आवरेना. हसता हसता ती मटकन खाली बसली आणि सहा महिन्यांचं रडू एकदम बाहेर आलं. वडिलांनी चाचपडत तिच्या डोक्यावर हात ठेवला. तुझे तिरपे ठोके रोज ऐकत होतो, म्हणाले, पण दांडा बदल म्हणायला तोंड कुठे होतं? बोलून टाकल्यावर त्यांनी असा लांब श्वास सोडला, की इतकी वर्षं तो अडकूनच होता जणू.

आत्याला मात्र यातलं काही कळू द्यायचं नाही, असं दोघांनी ठरवलं. ती माहेरी आली की दर खेपेला तो दांडा कपाळाला लावून रडते.