पदर सारखा केला

घाटकोपरला आमच्या चाळीसमोरच्या मैदानात कबड्डीचे सामने होतात. माझी बायको पहिल्या रांगेत बसून ओरडायची, "अरे मेल्या, पाय धर ना त्याचा!" मागच्या वर्षी अशी ओरडता ओरडताच ती खुर्चीवरून खाली पडली. बायकांना वाटलं, फिट आली. एकीने कांदा फोडून नाकाला लावला, दुसरीने पदर सारखा केला. बाईमाणूस म्हणून पुरुष पाठ फिरवून उभे राहिले. छातीला हात कोणीच लावला नाही. रिक्षात घातली तेव्हा ती गेलेलीच होती.

यंदा सामन्याआधी एक नर्सबाई रबराची बाहुली घेऊन आली. हृदय बंद पडलं तर छाती कशी दाबायची, ते शिकवत होती. मी पुढे झालो.

"जोरात दाबा आजोबा. बाई असली तरी लाजायचं नाही."

मी दाबत सुटलो. वाटलं, आता डोळे उघडेल आणि म्हणेल, "अहो, चार माणसांत लाज नाय वाटत?"

"बस झालं आजोबा, जमलं तुम्हाला," नर्सबाई म्हणाली.

मग सामना सुरू झाला. पहिल्या रांगेतून कोणी शिव्या घातल्या नाहीत.