भरलेली बाटली

"बाथरूम खराब झालंय, मास्तरीणजी. नीचे गार्डवालं यूज करून घ्या ना."

ईराची आई हे बोलत होती तेव्हाच त्या बाथरूममध्ये फ्लश झाला. दार उघडून ईराचे बाबा हात पुसत बाहेर आले आणि माझ्याकडे न बघता निघून गेले. बाईंना त्याचं काही वाटलं नाही.

मी अकराव्या मजल्यावरून खाली गेले. गार्डच्या संडासाला आतून कडी नव्हती. एका हाताने दार ओढून धरून बसले. एम. ए. इंग्लिश झालेली बाई.

विजय नगरच्या त्या फ्लॅटवर मी सातवीतल्या ईराला इंग्रजी शिकवायला जायचे. शाळेने एक कादंबरी लावली होती. पुरात वाहून गेलेली मुलगी जंगलात एकटी जगते, अशी. सुरुवातीला मला कपबशीत चहा होता, पोहे होते, आणि ते बाथरूमही छान चालत होतं. ही मंडळी स्वतःला इथल्या संस्थानच्या दरबारातल्या जुन्या सरदारांच्या घराण्यातली म्हणवायची. आमचं आडनाव त्यांच्या सोयऱ्यांतही आहे. तेवढ्यावर त्यांनी मला आपल्यातली धरलं. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

मग गौरींचं हळदीकुंकू आलं. बाईंनी मलाही बोलावलं. ईराची आत्या कुंकू लावायला पुढे आली. "हातोदच्या ना तुम्ही? कोणाकडच्या?" मी गावाबाहेरच्या आमच्या वस्तीचं नाव सांगितलं. खोटं कशाला बोलू? तिचं बोट माझ्या कपाळापाशी थांबलं. करंडा तिने खाली ठेवला. "लावून घ्या तुम्हीच."

दुसऱ्या दिवशी बाथरूम खराब झालं.

खाली जायचं तर दर वेळी बाईंना विचारावं लागे. दाराचं कुलूप आकड्यांचं, आकडे फक्त घरच्यांना ठाऊक. परत येताना पुन्हा बेल, पुन्हा त्यांचा वैतागलेला चेहरा. मी पाणीच सोडलं. शिकवणीच्या दिवशी दुपारपासून घोटभरही नाही. लघवीला आग व्हायची. पलासियाच्या डॉक्टरीणबाई ओरडल्या, "पानी पियो." त्यांना काय सांगणार? नवऱ्याचं काम सुटलं होतं. मी मान खाली घालून जात राहिले. स्वतःची चीड यायची.

एक दिवस धडा नदीचा निघाला. ती मुलगी काठावर बसून आहे, घसा कोरडा, पण जनावरांच्या भीतीने पाण्याजवळ जात नाही.

"इतकी प्यास लागलीय, तर पीत का नाही ती?" ईराने विचारलं.

"घाबरते."

"तुम्ही पण नाही पीत ना, मॅम. बॉटल रोज भरलेलीच वापस नेता."

या पोरीला मी महिनाभर धीर शिकवत होते, तोही इंग्रजीत. मग म्हटलं, "तुमच्या घरात मला बाथरूमला जाऊ देत नाहीत. म्हणून पीत नाही."

"क्यों?"

"आईला विचार."

आई दारातच उभी होती. "बच्चीच्या सामने ही बातें नको, मास्तरीणजी."

मी उठले, बाटली उघडली. उभ्या उभ्या सगळी संपवली. बाथरूमकडे निघाले. बाई आडव्या आल्या.

"खराब आहे, बोलले ना."

"असू दे."

त्यांना मला अडवायचं होतं. पण अडवायचं तर हात लावावा लागला असता. त्या बाजूला झाल्या. मी आत जाऊन कडी लावली. काहीही खराब नव्हतं. त्यांच्या साबणाने हात धुतले, त्यांच्या टॉवेलला पुसले.

बाहेर आले तर फ्लॅटचं दार उघडून ठेवलेलं. "उद्यापासून येऊ नका." ईरा पुस्तक घेऊन उभी होती. मी रिकामी बाटली पिशवीत टाकली आणि निघाले.

आता नव्या घरी शिकवणी धरताना मी आधी ग्लासभर पाणी मागते. त्यांच्यासमोर पिते. आडनाव विचारायच्या आत वस्तीचं नाव सांगते. मग विचारते, बाथरूम कुठे आहे. बोट खाली गेलं, तर मी खाली जाते. पुन्हा वर येत नाही.