कायम होण्याआधी

मठातून ती परत आली तेव्हा एकवीस वर्षांची होती. दीक्षेला आठवडा उरलेला आणि पोरगी बॅग घेऊन दारात. घरात पहिली बोलली ती आत्या. "तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं."

"मला काढलं नाही, आत्या. मीच निघाले."

खरंच तसं होतं. दोन वर्षं तिनं उमेदवारी केली होती. ढीगभर चादरी धुतल्या, वाफ्यांना पाणी घातलं, तासन्‌तास गप्प बसली. आपली परीक्षा चालली आहे अशीच तिची समजूत. शेवटी मठाच्या प्रमुख मोठ्या माईंनी बोलावून विचारलं, "काय ठरवलंस?"

"ठरवायचं तुम्ही ना, माई?"

"अगं, उमेदवारी दोन्हीकडची असते. आम्ही तुला पारखलं. तू आम्हाला पारखलंस की नाही?"

दोन दिवस विचार केल्यावर तिला कळलं, आपल्याला माणसांत राहायचंय, आणि बोलायचंय. माई फाटकापर्यंत पोचवायला आल्या. वडिलांनीही काही न विचारता बॅग आत नेली.

पुढे ती शिकली आणि परिविक्षा अधिकारी झाली. न्यायालय पहिल्याच गुन्ह्यात सापडलेल्या एखाद्याला तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडतं. अशा माणसावर नजर ठेवायची, त्याला मार्गी लावायचं, हे तिचं काम. गंमत म्हणजे तिची स्वतःची नोकरीही पहिलं वर्ष परिविक्षेवरच, म्हणजे प्रोबेशनवरच होती. साहेबांचा शेरा चांगला आला तर कायम, नाहीतर नारळ.

तिच्याकडे एक वेल्डर होता. भांडणात मुकादमाचा दात पाडलेला, वर्षभराच्या हमीवर सुटलेला. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी हजेरी. सहा महिने घड्याळ लावून आला. सातव्या महिन्यात आलाच नाही.

साहेब म्हणाले, "अट मोडली. अहवाल लिहा, न्यायालय बघून घेईल."

"आधी त्याला भेटते, साहेब."

ती थेट कारखान्यावर गेली. जेवणाच्या सुट्टीत वेल्डर फाटकाबाहेर आला. तिला पाहून त्याचा चेहरा पडला.

"बाई, इथं नका येऊ. नवी नोकरी आहे, तीन महिन्यांच्या प्रोबेशनवर. सोमवारी सकाळची पाळी लागली. सुट्टी कशाला हवी, ते काय तोंडानं सांगू?"

"मला सांगता आलं असतं."

"भीती वाटली."

"भीती वाटली म्हणून गप्प बसलात, आणि भीती होती तेच ओढवून घेतलंत," ती म्हणाली. तिनं पाळीचा तक्ता मागून घेतला.

अहवालात तिनं काहीच झाकलं नाही. हजेरी चुकली, कळवलं नाही, हे लिहिलं. कारण लिहिलं, तक्ता जोडला, आणि हजेरी शनिवारी दुपारी ठेवावी अशी शिफारस केली.

साहेबांनी कागद वाचून चष्मा काढला. "शिफारशी करायला तुम्ही अजून कायम झाला नाहीत."

"म्हणूनच, साहेब. माझी सही कशाखाली पडते, ते तुम्हालाही आताच कळलेलं बरं."

साहेबांनी चष्मा पुन्हा लावला. कागद मात्र पुढे गेला. न्यायाधीशांनी वेल्डरला चार शब्द सुनावले आणि शनिवार मंजूर केला.

त्याची किंमत तिनं मोजली. वर्षअखेरीस तिची परिविक्षा सहा महिन्यांनी वाढली. शेरा होता, 'स्वतंत्र वृत्तीच्या'. आत्यानं कपाळाला हात लावला. "इथूनही परत येतेस की काय?"

"नाही," ती म्हणाली. "या खेपेला मी पारखून बसलेय. हे काम माझं आहे. त्यांना कळायला सहा महिने जास्त लागतील, एवढंच."

आणि झालंही तसंच, सहा महिन्यांनी ती कायम झाली. वेल्डरही आधी कारखान्यात कायम झाला, मग हमीतून मोकळा झाला. शेवटच्या शनिवारी सही करूनही तो खुर्चीतच बसून राहिला.

"आता यायचं नाही?"

"नाही."

"कधीच?"

"रस्त्यात भेटलात तर नमस्कार करा," ती म्हणाली. "आणि जाताना बाहेरच्या मावशींना आत पाठवा. त्यांचा आज हजेरीचा पहिला दिवस आहे, दारातच घुटमळताहेत."