सुतकातली लिंबोळी

मुलांनो, तुमच्या बाबांची आत्या, माझी नणंद शांता, गेल्याचं तुम्हाला फोनवर कळलं. त्या दुपारी ती रस्त्याकडच्या म्हाताऱ्या लिंबाखालून पिकल्या लिंबोळ्यांची बादली भरून आली होती, हे मात्र सांगायचं राहिलं. रुंदीकरणात तोडायचं म्हणून त्या झाडावर लाल आकडा रंगवला होता. "वहिनी, ह्याची ही शेवटची लिंबोळी. सकाळी गर चोळून टाकू, जल्दी करावं लागतंय," म्हणाली, चहा घेतला, पाठ टेकली... आणि उठलीच नाही.

अंबडचं आमचं घर मी शिस्तीत ठेवते. शांता त्यात बिया ठेवायची. बाभळीच्या बिया माझ्या नव्या डब्यात, बहाव्याच्या बिया फ्रिजमधल्या अंड्यांच्या खणात. मी चिडले की म्हणायची, "अंडी काय, दुकानात रोज मिळत्यात. हे आणून दाव बरं दुकानातून!" रस्त्याकडेला शोभेची झाडं लावणाऱ्या एका साहेबाला तिनं भर उन्हात थांबवलं होतं. "ह्याच्या सावलीत बसून दावता का, साहेब?" साहेब गाडीत जाऊन बसले.

ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी बादलीला आंबूस वास सुटला. गर सडला की आतली बी मरते, आणि धुऊन वाळवली तरी लिंबोळी बाभळीच्या बीसारखी वर्षानुवर्षं थांबत नाही. धाकटे दीर बादली उचलून उकिरड्याकडे निघाले. मी दारात आडवी उभी राहिले.

"सुतकात पेरणी करत न्हाईत, वहिनी. लोक काय म्हणतील?"

"सुतक मला आहे, भाऊजी. लिंबोळीला नाही."

बसायला आलेल्या बायका बघत राहिल्या. मी पदर खोचून अंगणात बसले आणि चोळायला घेतलं. थोड्या वेळानं धाकटी जाऊ दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत माती भरू लागली. तेराव्याला जेवायला आलेल्यांना त्यातल्या काही पिशव्यांत फुटलेले हिरवे कोंब ओलांडून पंगतीला जावं लागलं.

तो लिंब आता नाही. परवा बसमधून नुसतं बूड दिसलं. पण पुढच्या पावसाळ्यात त्याची पोरं त्याच रस्त्याच्या कडेला, जरा आत सरकून, मी उभी करणार आहे. साहेबांची परवानगी मागणार नाही, त्यांना कळवणार आहे.

तुमचे बाबा फोनवर म्हणाले, "आई, आता तो फ्रिज तरी मोकळा कर." केला नाही. खणात बहावा आहे. अंडी मी ओट्यावर टोपलीत ठेवते.