चाकोरीच्या मापाचा आख

जीप कशासाठी घेतली होती हे आमच्या घरचे पुरुष इतक्या लवकर विसरले, की अजून आठवलं तरी तळपायाची आग मस्तकात जाते. माझ्या पहिल्या खेपेला कळा सुरू झाल्या तेव्हा भर पावसाळा होता. मानवतच्या दवाखान्याची वाट सगळी काळ्या मातीची. बैल गुडघाभर चिखलात, गाडी जागची हलेना. लेकरू वाटेतच जन्मलं अन् वाटेतच गेलं. मग ह्यांनी हैदराबादच्या हर्राजातून, म्हणजे लिलावातून, फौजेनं मोडीत काढलेली जीप आणली. पोलिस ॲक्शनला तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. चारी चाकं ओढतात, चिखलाला भीत नाही, असं म्हणाले. मला धीर आला, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या खेपेला मला सातवा लागला, अन् जीपच्या मागच्या आखातले दाते तुटले.

मानवतचा मिस्त्री आला, ओसरीवर बसला आणि पान चघळत सांगू लागला. ‘‘फौजी आख हैदराबादहून मागवावा लागंल, महिना जाईल. न्हाईतर ट्रकचा हाय माझ्याकडं, लय मजबूत. पर दोन्ही आखांचे फेरे जुळायचे न्हाईत, पुढची चाकं एका वेगानं फिरतील, मागची दुसऱ्या. पुढच्या चाकांची ओढ काढून टाकावी लागंल.’’

माझे दीर उड्याच मारायला लागले. ‘‘काढा की! ट्रकचा आख रुंद हाय, बैलगाडीच्या चाकोरीत बरोबर बसंल. आत्ता एक चाक चाकोरीत, एक वर. गाडी लंगडी चालायलीय.’’

झालं! सगळे अंगणात पळाले. कासरा ताणून बैलगाडीची रुंदी मोजली. मिस्त्री म्हणाला, पुढच्या चाकांना लोखंडी चकत्या लावून ती पण मागच्यांएवढी बाहेर काढू. लग्न ठरल्यासारखे सगळे हसायला लागले.

मी दाराआडून म्हणाले, ‘‘अहो, फौजीच मागवा. महिनाभर थांबता येतंय मला.’’

‘‘तुला काय कळतंय त्यातलं? गप बस,’’ हे म्हणाले.

खरंच काही कळत नव्हतं. एवढंच कळत होतं की चारातली दोन चाकं कमी झाली. ट्रकचा आख बसला, बाजाराच्या दिवशी वालूरला मिरवून आणला, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वाकून वाकून दाखवला. मला त्या गिरीसच्या वासानं मळमळायचं. कोणाला सांगणार, डोंबल?

पोळा होऊन गेला आणि कळा सुरू झाल्या. पावसानं उघडीप दिली होती. मला मागं निजवलं. हे चालवायला, दीर शेजारी. गावाबाहेर जीप चाकोरीत शिरली. ‘‘बसली बघ, मापात बसली!’’ दीर ओरडले. थोडं पुढं जाऊन खालून खर्रर्र आवाज झाला आणि गाडी थांबली.

बैलगाडीचं चाक छातीएवढं, जीपचं गुडघ्याच्या जरा वर. दोन चाकोऱ्यांच्या मधला मातीचा वरंबा आखाच्या मधोमध खाली लोंबणाऱ्या दात्यांच्या गोळ्याला लागला, गाडी त्याच्यावर पोटानं टेकली, मागची चाकं ओल्या मातीत नुसती फिरायला लागली. एवढ्या शहाण्यांनी रुंदी मोजली. उंची कोणाच्याच टाळक्यात आली नाही.

आणि करत काय होते दोघं? जीपखाली पालथे पडून भांडत होते! हे म्हणत होते पुढची ओढ काढायलाच नको होती. दीर म्हणत होते, पुढचा आख पण ट्रकचाच टाकू, मग बघ. मी वर दातओठ खात पडलेली. शिसारी आली मला. ‘‘घाला चुलीत तो आख!’’ मी जन्मात पहिल्यांदा दिरासमोर ओरडले.

माझा आवाज ऐकून रानात मेंढरं चारणारी एक धनगरीण पळत आली. तिनं मला खाली घेतलं, कपाशीच्या ओळीत निजवलं. थोड्या वेळानं मुलगी झाली. रडली. मीही रडले, कारण ती रडली.

‘‘मालक, त्यो पाण्याचा डबा आना हिकडं,’’ धनगरीण म्हणाली, ‘‘पोरगी पुसायचीय.’’

ते जीपच्या रेडिएटरमध्ये ओतायला बरोबर घेतलेलं पाणी होतं. ह्यांनी डबा उचलला. लेकीकडं पाहिलं. मग मान वळवून जीपकडं पाहिलं.

‘‘अर्धं पुरंल का?’’ त्यांनी विचारलं.