भासऱ्यांची हळद आणि माझ्या नळ्या

माझ्या लेकीला घाम येत नाही. जन्मापासूनच. नांदेडचे डॉक्टर म्हणाले, हिच्या अंगात घाम तयार करणारी यंत्रणाच नाही, याला औषध नाही. फक्त हिला तापू देऊ नका. तापू देऊ नका म्हणे! आमच्या कुरुंद्याच्या बाजूला मे महिन्यात अंगणातल्या फरशीवर पाय टेकवत नाही. मी लेकरू पोटाशी धरून बाहेर आले आणि नवऱ्याला म्हटलं, "आता कूलरवर भागायचं न्हाई."

भासऱ्यांच्या, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाच्या कानावर हे गेलं तेव्हा घरात पाहुण्यांची पंगत बसली होती. ते मोठ्यानं म्हणाले, "आपल्या घरात घाम गाळल्याबिगर भाकर भेटत न्हाई. हिला तर घामच न्हाई. मंग हिनं खायचं काहून?" आणि स्वतःच हसले. पंगत पण हसली. नवरा मान खाली घालून वरणात भाकर कुस्करत राहिला. मी वाढत होते. आमच्यात भावजय भासऱ्यांशी तोंड उघडून बोलत नाही; काही सांगायचं तर नवऱ्यामार्फत, नाहीतर भिंतीकडं बघून. पण हातात गरम वरणाचं पातेलं होतं आणि समोर त्यांचं टक्कल होतं, हे मला अजून आठवतं. ओतलं नाही. राग जपून ठेवला.

त्या वर्षी आम्ही अंगणाच्या कडेला आमच्या दोन खोल्या बांधायला काढल्या. माझा भाऊ नांदेडला एसी बसवायचं काम करतो. तो आला, उन्हात उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, मशीन दोन तऱ्हेची घेता येते. एक नेहमीची. ती खोलीतली उष्णता बाहेरच्या हवेत फेकते. पण बाहेरची हवाच भट्टीसारखी असली तर ती फेकणार कुठं? दुसरीच्या नळ्या जमिनीत खोल पुरायच्या. ती उष्णता मातीत सोडते. खाली माती उन्हाळ्यात पण गार असते. पण त्याला अंगण खोदावं लागतं."

मी विचारलं, "दुसरीत खोट काय?"

"तुमची काळी माती. उन्हाळ्यात भेगाळली की नळीला सोडून देते, मग गारवा पोचत न्हाई. वरून ओल ठेवावी लागंल. आणि लाईट गेली तर दोन्ही मशिनी सारख्याच मुक्या, हे पण सांगून ठेवतो."

ओलीचं मला काय अवघड! मोरीचं पाणी तिकडं वळवलं की झालं. मी तिथल्या तिथं ठरवलं, जमिनीचीच घ्यायची. पण अंगण सामाईक होतं, आणि त्या अंगणात भासऱ्यांची हळद वाळायची. नवरा विचारायला गेला आणि गेला तसा परत आला. "दादा म्हणतेत, अंगणाला कुदळ लावायची न्हाई. एका पोरीपायी हळद कुठं वाळवू?"

झालं. बसली हवेवरची. तिचा बाहेरचा डबा अंगणाकडच्या भिंतीवर लागला, कारण दुसरीकडं जागाच नव्हती.

एप्रिलमध्ये हळद शिजून वाळली आणि तिला घासून चकाकी आणायचा ड्रम आला. एवढं मोठं अंगण, पण भासऱ्यांनी ड्रम लावला तो बराबर आमच्या डब्याखाली. हळद घासताना जी पिवळी धूळ उडते ती ज्यानं पाहिली त्यालाच माहीत. डोळे, नाक, दारं, सगळं पिवळं. मी नवऱ्याला पाठवलं. उत्तर आलं, "हळद काय तुमच्या मशिनीला विचारून घासायची?" मी रोज शिडीवर चढून डबा पुसायची. माझी जाऊ ओसरीवरून बघायची आणि म्हणायची, "एवढी सेवा देवाची केली असती तर!"

मे लागला. एका दुपारी मशीन घरघरली आणि बंद पडली. डबा आतून पिवळ्या धुळीनं बुजून गेलेला. नवरा शेतात. भाऊ निघाला होता, पण नांदेडहून यायला वेळ लागणारच. मी पोरीला ओल्या चादरीत गुंडाळलं, चादर बघता बघता वाळली. पुन्हा ओली केली. पोरीचे गाल लाल झाले, डोळे वर जाऊ लागले. "आई, आत जळून राहिलं," एवढंच म्हणाली. गार जागा कुठं आहे? या सगळ्या घरात गार जागा कुठं आहे?

होती एक. अंगणातल्या कडुनिंबाखाली भासऱ्यांनी हळदीचं बेणं, म्हणजे पुढच्या लावणीचे गड्डे, ठेवायचा खड्डा केला होता. कमरेइतका खोल, वरून पाला, रोज पाणी शिंपडलेलं. बेणं सुकू नये म्हणून केवढी निगा! माझ्या पोरीसाठी जे अंगण खोदता येत नव्हतं, ते बेण्यासाठी खोदलेलं होतं.

मी पाला उधळला. दोन्ही हातांनी बेणं उपसून उन्हात फेकलं, ढीगच्या ढीग. भासरे ओसरीवरून ओरडत आले, "अगं ए, येडी झाली का? वर्षाचं बेणं हाय ते! उनात मरंल!"

मी पदर सावरला नाही. पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडं बघून बोलले. "मरू द्या. पुढं आलात तर तुम्हाला बी उनातच ठेवीन."

ते थांबले. मी पोरीला खड्ड्यात निजवलं, अंगावर ओली चादर टाकली, शेजारी बसून पाणी शिंपडत राहिले. भाऊ येईपर्यंत तिचा श्वास सरळ झाला होता. बेणं मात्र उन्हात सुरकुतून गेलं. त्याचं मला जरा सुद्धा वाईट वाटलं नाही. उलट गोड वाटलं, खरं सांगते.

त्याच संध्याकाळी मी नवऱ्याला म्हटलं, "अंगणाची वाटणी करा, न्हाईतर मी पोरीला घेऊन माहेरी चालले." वाटणी झाली. कडुनिंब आमच्याकडं आला. पावसाळा सरल्यावर जेसीबी आणला आणि भावाला सांगितलं, नळ्या त्याच खड्ड्यातून न्यायच्या. त्याला तशी गरज नव्हती. मला होती. भासरे खुर्ची टाकून दिवसभर बघत होते. मी त्यांना मुद्दाम चहा पाठवला. आता नळ्यांवर केळी आणि अळू लावलंय. मोरीचं पाणी त्यांना जातं आणि खालची माती भेगाळत नाही.

भासऱ्यांनीही पुढं एसी घेतला. हवेवरचा. ड्रम त्यांच्याच अंगणात राहिलेला, तेव्हा धूळ आता त्यांच्याच डब्यात जाते. करावं तसं भरावं.

यंदाच्या मे महिन्यात जाऊ धावत आमच्या दारात आली. "ऊन लागलं ओ यांना, आमची मशीन बंद हाय." मागून माझा नवरा आणि जावेचा पोरगा भासऱ्यांना धरून आणत होते. मी दार उघडलं. त्यांना पोरीच्या खाटेवर निजवलं. पोरीनं, सुट्टी म्हणून घरीच होती ती, ओला रुमाल त्यांच्या कपाळावर ठेवला. आता नववीत आहे ती.

दिवस कलला तसे ते उठून बसले. रंग परत आला होता, कपाळ कोरडं झालं होतं. जावेला म्हणाले, "भूक लागली. भाकर आण."

"बसा, ताई," मी जावेला म्हटलं. "माझ्या घरात मी वाढते."

ताट घेऊन आले आणि त्यांच्यासमोर उभी राहिले. खाली ठेवलं नाही. "दादा, घाम आला का?"

त्यांना कळलं. जावेलाही कळलं, कारण त्या पंगतीत तीही हसली होती. भासऱ्यांनी कपाळाला हात लावला, बोटांकडं पाहिलं आणि मान खाली घातली. पोरगी माझ्याकडं बघत होती. तिला त्या पंगतीतलं काही माहीत नाही.

"दे ना आई," ती म्हणाली. "भुकेले असतील."

मी अजून थोडा वेळ तशीच उभी राहिले.